पाणबुडीची उजवी कूस

माझी आत्या दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर लॅबमध्ये लोकांची उघडी तोंडं आणि जबड्यांचे साचे, आणि घरी आली की त्याच हत्यारांनी पाणबुड्या. खिडकीजवळच्या टेबलावर मेण कोरायच्या सुऱ्या, तोंडात घालून दात बघायचा आरसा, छोटं ड्रिल, आणि मधोमध हातभर लांबीचं एक राखाडी, निमुळतं धूड. पाहुणे विचारतात, "हा कसला मासा?" आत्या म्हणते, "माणसं गिळून परत आणून सोडणारा."

हे मॉडेल शेजारच्या इंजिनवाल्या काकांसाठी होतं. काकांची सगळी उमेद खऱ्या पाणबुडीच्या इंजिनापाशी गेली. ती बोट केव्हाच भंगारात निघाली होती. काकांची नजर झपाट्याने उतरत होती आणि रविवारी ते कायमचे मुलीकडे राहायला जाणार होते. दिसतंय तोवर एकदा तिला नीट बघायचं, एवढंच त्यांचं मागणं. "पण माझीच दे हं," ते आत्याला म्हणाले होते, "तिच्या बहिणीची नको."

पाणबुडी ती पाणबुडी, त्यात माझी-तुझी काय? मी यंत्रांचं शिक्षण घेतलेली, तरी मला हा प्रश्न पडला. आत्याने समजावलं. आत एक भक्कम नळा असतो, माणसं त्यात राहतात. त्यावर बाहेरून पातळ पत्र्याचं कवच. दोहोंच्या मधल्या जागेत पाणी शिरायला आणि निथळायला कवचात फटींची रांग असते. दुरुस्तीत जुन्या फटी बुजवतात, नव्या पाडतात. एकाच आराखड्यावर बांधलेल्या दोन बोटींच्या फटीसुद्धा पुढे सारख्या राहत नाहीत. "दातांसारखंच गं," आत्या म्हणाली. "येतात सगळ्यांना सारखे. पुढे ज्याचं त्याचं नशीब."

डाव्या बाजूचे फोटो हवे तेवढे होते. उजव्या बाजूचा मात्र एकच सापडला, तोही हौशी मॉडेलवाल्यांच्या संकेतस्थळावर. डेकवर कोट घातलेले खलाशी ओळीने उभे, आणि खाली फटींची स्वच्छ रांग. आत्या हरखली. त्यावरून तिने उजवी बाजू कोरली. ती हुबेहूब डावीसारखी झाली, याचंही तिला बरंच वाटलं.

गुरुवारी आई वर आली. आई कपडे शिवते, त्यामुळे फोटोत तिला पाणबुडी दिसलीच नाही.

"काय गं, हे सगळे बाप्ये बायकांसारखी बटणं का लावतात?"

"वहिनी, फटी बघ, फटी!"

"तुझ्या फटी तू बघ. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. यांच्या झाडून सगळ्यांची उजवी वर आलीय. शिंपी काय दारू पिऊन बसला होता?"

आत्या फोटोवर वाकली. मी फोटो कॉम्प्युटरवर डावं-उजवं उलटा केला आणि डाव्या बाजूच्या एका फोटोवर ठेवला. फटी जुळल्या. पत्र्याचा पोचासुद्धा पोच्यावर बसला. कुणीतरी डाव्या बाजूचाच फोटो उलटा छापला होता.

"दिवसभर आरशात उलटे दात बघते मी," आत्या कपाळावर हात मारत म्हणाली, "आणि हे मला कळू नये!"

"तुझी माणसं तोंड उघडून बसतात, कोट कुठे घालतात?" आई म्हणाली.

म्हणजे उजव्या बाजूचा पुरावा शून्य. मी म्हटलं, "देऊन टाक ना अशीच. काकांना एवढं बारीक कुठे दिसणार आहे?"

"म्हणूनच नाही देता येत," आत्या म्हणाली. "दिसत असतं तर त्यांनी मला पकडलं तरी असतं."

शनिवारी काका आले तोवर तिने उजव्या बाजूच्या सगळ्या फटी बुजवून टाकल्या होत्या. घरात होतं ते कवळीचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक. काकांनी मॉडेल खिडकीच्या उजेडात डोळ्यांशी नेलं आणि खो खो हसले. "हिरड्या फुटल्या की हिला!"

आत्याने सगळं खरं सांगून टाकलं. "काका, तुम्हाला ही बाजू आठवते का?"

काकांनी मॉडेल हातात फिरवलं. "नाही गं. धक्क्याला ती कायम डाव्या कुशीवर लागायची. आम्ही तिकडूनच चढायचो, तिकडूनच उतरायचो. फोटोवालेही धक्क्यावरच उभे. दुरुस्तीला पाण्याबाहेर काढायचे तेव्हा मी आत, इंजिनाच्या पोटात. एवढी वर्षं संसार केला, पण तिची दुसरी कूस पाहिली नाही बघ."

"मग पाहिली कुणी?" आत्याचे डोळे चमकले. "पाण्याच्या बाजूला कोण असायचं?"

"टगवाला!"

बंदरात पाणबुडीला ओढणाऱ्या टगबोटीवरचा हा काकांचा जुना दोस्त. फोन लागला आणि स्पीकरवर खरखरीत आवाज आला, "कोण? तू अजून जिवंत आहेस?"

"तुला छळायला आहे. आमच्या बोटीच्या उजव्या बाजूला फटी कशा होत्या रे?"

"फटी कोण मोजतो? पण बंदरात चाचणीची बुडी मारून वर आली की मागच्या अंगाने धो धो ओतायची. आमचा डेक धुऊन निघायचा. मी सगळ्यांना पुढे पिटाळायचो, तिथे थेंब नसायचा."

"पुढे म्हणजे कुठून पुढे?" आत्या फोनवर जवळजवळ चढलीच. "पाठीवरच्या बुरुजाच्या पुढे की मागे?"

"कोण बोलतंय? इकडे या, बाई. असं तोंडाने नाही सांगता येणार. पाणी कुठवर यायचं ते टगवर उभा राहून दाखवतो."

आत्याने काकांकडे पाहिलं. "काका, उद्या निघताना तुमच्या हातात काहीच नसेल मग."

"अर्धी गुलाबी बोट नेऊन मुलीला काय दाखवू?" काकांनी मॉडेल टेबलावर ठेवलं. "त्याच्याकडे जाऊन ये. पण लवकर हं, डोळे काही तुझी वाट बघत बसणार नाहीत. आणि कोरशील त्या फटी जरा खोल कोर. नाहीच दिसल्या, तर नखाला तरी लागू देत."

सोमवारी आत्याने लॅबमधून रजा काढली. मोजपट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल, टगवर चढायचंय. बूट घाल."