पोस्टरखालची अक्षरं

खोट्या पत्रकावर कधी विश्वास ठेवलाय तुम्ही? माझ्या एका पत्रकावर मुलुंडच्या आमच्या अख्ख्या गल्लीने ठेवला. ते खोटं होतं, हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — आईलाही नाही.

मी पत्रकांतच वाढले. बाबा भिंतीवर चिकटवायचे, मी खळ ढवळायचे. खरं तेच छापायचं, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही. म्हणून तर —

नाही, सरळच सांगते.

सरकारी वीज कंपनीचे लाइनमन परबकाका आमच्या भागात यायचे. मी दिसले की हाक ठरलेली. “काय गो, क्रांती कधी? मी जेवूक जातंय तेव्हा नको हां!” मला राग यायचा. हसूही यायचं.

त्या दुपारी कोपऱ्यावरच्या विजेच्या लोखंडी पेटीत करंट उतरला. सप्लाय बंद करून घ्यायला काका धावले. जाण्याआधी शेजारच्या भिंतीवर खडूने मोठं लिहून गेले — पेटीला करंट, हात लावू नका. थोड्या वेळाने मी आले, मोर्चाची पोस्टरं घेऊन. मोर्चा कशासाठी? रोज जाणाऱ्या विजेसाठी. भिंत मोक्याची होती. खडूची अक्षरं मी वाचली. वाचली — आणि त्यांच्यावरच पोस्टर लावलं. काका येतीलच एवढ्यात, असं वाटलं का? की काहीच वाटलं नाही? आमचा मोर्चा मोठा वाटला, एवढं खरं.

गजरे विकणाऱ्या लतामावशी तेवढ्यात बाजारातून आल्या. डोक्यावरची टोपली उतरवताना त्यांनी पेटीचा आधार घेतला आणि फेकल्या गेल्या. वाचल्या. पण उजव्या हाताची बोटं वळत नाहीत. गजरे आता सून ओवते.

सगळे मावशींभोवती जमले होते, तेव्हा मी पोस्टर उपटलं. ओल्या खळीबरोबर खडूही निघून आला. काका परतले, कोऱ्या भिंतीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

“तू हयंच होतंस ना गो? मी लिवलेला बघलंस मा?”

“नाही, काका.”

दुसऱ्या दिवशी माझं पत्रक निघालं — ‘इशाऱ्याची एक ओळही नव्हती!’ चौकशीत तेच पुढे ठेवलं गेलं. काका निलंबित झाले, आजही आहेत. पेटी गंजलेली होती, तिची देखभाल होत नव्हती, हे खरंच आहे. त्यासाठी मी पुढेही भांडेन. पण त्या खऱ्याच्या आड मी किती दिवस लपले!

काल चौकशी अधिकाऱ्यांना लेखी जबाब दिला. मावशींच्या घरीही गेले. सगळं ऐकून त्या आत निघून गेल्या.

माफी मागत नाही. गल्लीतल्या लोकांनो, एकच करा. ते पत्रक ज्याला ज्याला वाचून दाखवलंत, त्याला सांगा — परबांनी इशारा लिहिला होता. तो कुणी झाकला, तेही सांगा. माझं नाव घेऊन सांगा.