एका प्याल्याचे पेले

नाव काकासाहेब आणि नातं मामाचं, असा आमच्या घरातला घोळ. गावाला ते मास्तर. अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या लहानशा गावात स्कॉच मिशननं बांधलेलं देऊळ आहे. चर्चला आम्ही ख्रिस्ती माणसं देऊळच म्हणतो. तिथल्या मंडळीचे मामा वडील होते, म्हणजे पाळकसाहेबांच्या जोडीनं कारभार पाहणारे निवडलेले पुढारी. पोलीस अ‍ॅक्शननंतर मिशनचा गोरा साहेब मायदेशी गेला आणि कारभाराची सगळी सूत्रं मामांच्याच हाती आली.

मामांना एका गोष्टीचा फार अभिमान. महारवाड्यातून देवळात आलेला पहिला माणूस म्हणजे त्यांचे आजोबा. त्यांच्या पहिल्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायच्या विधीला, तेव्हाच्या साहेबानं द्राक्षरसाच्या प्याल्याला तोंड लावलं आणि तोच प्याला आजोबांच्या हातात दिला. मामा येईल त्या पाहुण्याला हे सांगायचे. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. तेव्हापासून तो एकच प्याला सगळ्या मंडळीत फिरायचा. लहानमोठा असा भेद त्यात नव्हता.

मग मांगवाड्यातल्या कडूबाचा आणि त्याची बायको आवडाबाईचा बाप्तिस्मा झाला. पुढचं प्रभुभोजन जवळ आलं आणि आमच्या लोकांना एकाएकी आरोग्य आठवलं. कुणी म्हणे क्षय फिरतोय, कुणी म्हणे शहरातल्या मंडळ्यांत प्रत्येकाचा पेला वेगळा असतो. जातीचं नाव कुणी काढलं नाही. कसं काढणार? ती सोडून आलो असं आम्ही जगाला सांगत होतो. मामांना सगळं कळत होतं, पण मंडळी फुटेल या भीतीनं त्यांनी मान डोलावली. औरंगाबादला जाऊन शहागंजातल्या गयासभाईंच्या दुकानातून त्यांनी काचेचे इवलेसे पेले आणले. प्रभुभोजनासाठी मनुका उकळून रस करायचं काम लक्ष्मीमामीकडं असे. पेले पाहून ती एवढंच म्हणाली, "कडूबा आला आन् क्षय बी आला व्हय?" मामांनी पेले पुन्हा एकदा मोजले.

रविवारी तबकातून पेले फिरले. नव्या माणसानं उठून साक्ष द्यायची, देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं, अशी आमच्याकडं रीत आहे. कडूबा उठला. हातातला रिकामा पेला त्यानं खाली ठेवला नव्हता.

"हाटेलात आमचा कप येगळा असतो, भाईर कोनाड्यात," तो म्हणाला. "तसंच हितं बी आसंल, असं वाटलं व्हतं. पर मास्तरांनी समद्यांचाच येगळा केला. आमच्यासाठी समदे आमच्यासारखे झाले. लई उपकार झाले."

कुणाची मान वर होईना. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गायन सुरू केलं. मी तेव्हा बायकांच्या सतरंजीवर मामीशेजारी बसले होते. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. मामांचा पेला भरलेलाच राहिला.

संध्याकाळी त्यांनी कोट चढवला. "खरं काय ते सांगतो आन् माफी मागतो," म्हणाले, आणि एकटेच मांगवाड्याकडं निघाले. मामी दिवा लावून उंबऱ्यातच बसून राहिली.

परत आले ते चोरासारखे, अंग चोरून. मामीनं विचारलं, "सांगितलं का?"

"आवडाबाईनं पाणी दिलं. पिलो. तिनं शेजारणींना हाका मारल्या, मास्तर आमच्या घरचं पाणी पिले म्हणून. मग समदी आळी गोळा झाली. कडूबानं पाय धरले."

"आन् माफी?"

मामा बराच वेळ कोटाची बटणं काढत राहिले.

"मान दिला गं त्यांनी," ते म्हणाले. "तेवढा घेऊन आलो."