दहाव्याचा कावळा आणि नोकरीचा मेसेज

बायको गेली तेव्हा मिरचीचा हंगाम भरात होता. नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. अजून तिच्या गोधडीला नाक लावलं की आधी शिंक येते. रडू नंतर.

दहाव्याला तापीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. जीव कशात अडकला असला की असं होतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत. भावकीतले एकेक जण हात जोडून काय काय कबूल करत गेले. गाय विकणार नाही, घर मोडू देणार नाही. कावळा हलेना. शेवटी मी म्हणालो, धाकटीला नोकरीला लावीन, पथारीवर बसवणार नाही. शब्द तोंडातून पडला आणि कावळा उतरला.

धाकटी म्हणजे माझी लेक, बारावी झालेली. आई असताना तिनं दोन-चार ठिकाणी अर्ज टाकले होते. स्वतःचा फोन नव्हता, म्हणून नंबर आईचा दिला. तो फोन मी बंद केला नव्हता. भिंतीतल्या देवळीत ठेवून रोज चार्ज करायचो. का, ते विचारू नका.

तेरावं आटोपलं आणि एका भर दुपारी तो फोन वाजला. लेकीनं मेसेज वाचला. वर बायकोचं पूर्ण नाव. खाली लिहिलेलं, अभिनंदन, निवड झाली, घरबसल्या काम, पगार चांगला. आज चारच्या आत निळ्या ओळीवर बोट दाबा. घरात कोणाला सांगू नका.

"आबा, हाऊ मायनीच धाडेल शे," लेक म्हणाली.

मी तिला वेड्यात काढलं नाही. तिच्या आईनंच धाडला, असं माझ्याही मनात आलं होतं. शब्द दिलेला ताजा, नाव तिचं, फोन तिचा.

लेकीचं बोट त्या ओळीकडं गेलं तसं मी तिचं मनगट धरलं. शहाणपणानं नाही, भीतीनं. म्हटलं, आधी बोलून घे. मेसेजखाली नंबर होता तो स्पीकरवर लावला.

माणूस गोड बोलत होता. लेकीनं ऑफिस कुठं विचारलं तर आधी सुरत म्हणाला, मग पुणे. कंपनीचं नाव काही सांगेना. आता फोनवर एक आकडा येईल तेवढा वाचून दाखवा, म्हणाला. फोन तिच्या हातात थरथरला. आकडा आला. आमचं बँकेचं खातं त्याच नंबरला जोडलेलं. लेक घुटमळली.

"घाबरू नका ताई," तो म्हणाला. "मम्मींशी कालच बोलणं झालंय आमचं."

लेकीनं फोन कानाजवळ नेला आणि हळूच विचारलं, "माय काय बोलनी?"

तिला खरंच ऐकायचं होतं. मलाही.

"म्हणाल्या, पोरीला सांगा, लवकर उरकून टाक."

तिथं मी भानावर आलो. मुकादम कितीही ओरडला तरी बायको म्हणायची, घाई केली म्हणून ओली मिरची वाळत नाही. आणि बापापासून लपव, असं ती जिवंतपणी लेकीला बोलली नाही, मेल्यावर कशाला बोलेल? मी फोन घेतला.

"तिनी राख आम्ही तापीमा सोडी. काल तुले ती कोठे भेटनी?"

पलीकडून लगेच फोन कटला.

त्यानं अंदाजानं ठोकलं, हे मला कळतं. नाव कुठून तरी उचललं असेल. खरी नोकरी देणारा ठिकाण सांगतो, असले आकडे मागत नाही, घरच्यांपासून लपवायला लावत नाही. लेकीनं त्या माणसाचा नंबर ब्लॉक केला आणि बँकेत जाऊन सगळं सांगून आली. पण त्या दिवसापासून ती पोर फार बोलेना.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायकोच्या नावानं घागर भरली, पुरणपोळीचा घास छपरावर ठेवला. कावळा आला, बसला, खाईना. लेक माझ्याकडं बघायला लागली.

"शब्द ध्यानमा शे," मी वर बघून म्हणालो. "पन फोनवर कोनले धाडू नको."

कावळा मान वाकडी करून बघतच राहिला. घास खाल्ला का नाही, ते मी पाहिलं नाही. आत आलो.

लेक अजून अर्ज करते. आता आधी स्वतः जाऊन ऑफिस बघून येते. मी तिला पथारीवर जाऊ दिलं नाही. देवळीतला फोन बंद आहे, पण दुपारी त्याच्याकडं पाठ करून मी बसत नाही.