फ्रान्सचं गोणपाट

सखाराम तात्या कुणाच्याही घरचं पाणी पिताना पहिला घोट तोंडात घोळवायचे आणि अंगणात थुंकायचे. सोयऱ्यांना राग यायचा. "काय पाजताय ते बगू तर द्या," असं तात्याच वर ऐकवायचे. तात्या माझे चुलत चुलते, उमापुरात शेरडं राखायचे. दूध चाखून शेळी बाभळीखाली चरली की लिंबाखाली, हे सांगायचे. डेअरीवाल्यावर, डॉक्टरवर, पंचांगावर, कशावरच त्यांचा भरवसा नव्हता. माझ्यावर तर मुळीच नाही.

त्याला कारण होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. अंबाजोगाईला बी.एस्सी. केलं आणि नाशिककडच्या एका वाईनरीत लागलो. आलेल्या लोकांना वाईन चाखायला द्यायची, तिची चव समजावून सांगायची, हे काम. आई गावात "कंपनीत हाय" एवढंच सांगायची. तात्यांनी मात्र तोंडावर विचारलं, "दारूच्या गुत्त्यावर बसायला डिग्री कावून लागती बे?"

दिवाळीत मी तीन बाटल्या घेऊन गावी आलो. सुट्टी संपली की परीक्षा होती. वाईन चाखून वर्णन लिहायचं. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर घरी. सकाळी ओसरीवर सराव मांडला, तर तात्या समोर येऊन बसले.

"गिळायची नसते तात्या. चाखून थुंकायची."

"थुकायला इकत घेत्यात लोकं? लई घोटाळा हाय ह्यात," म्हणाले, पण ग्लास हातात घेतला.

पहिली नाशिकची पांढरी. "हरभऱ्याच्या पाल्याची आंब. सकाळी दव असतंय तवाची." माझ्या वहीत होतं, लिंबू आणि हिरवं गवत. दुसरी कर्नाटकची लाल. "जांभळाची साल. आन् मागून बाभळीच्या शेंगंवानी तोंड आवळतंय."

तिसरी फ्रान्सची लाल, मित्राकडून मागवलेली, महागाची. तात्यांनी नुसती हुंगली आणि ग्लास खाली ठेवला.

"ओलं गोणपाट."

"तात्या, ही फ्रान्सची आहे."

"मंग फ्रान्सात गोणपाट भिजत न्हाई का?"

मी वही वाचून दाखवली. चेरी, तंबाखू, जुनं लाकूड. ते ऐकत राहिले. "तू चाखतो का वाचतो बे?"

"तुम्हाला यातलं काय कळतं?" मी बोलून गेलो. ते उठले आणि शेरडांकडे गेले.

परीक्षेत शेवटच्या ग्लासाशेजारी परदेशी बाटली ठेवली होती, लेबल आमच्याकडे करून. बाजूचे दोघे भराभर लिहीत होते. मी हुंगलं. तोच वास. पेन हातात तसंच राहिलं. एवढ्या मोठ्या नावाची बाटली चुकेल की उमापूरचा मी? शेवटी लिहिलं, "खराब. ओल्या गोणपाटाचा वास."

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तो ग्लास मुद्दामच ठेवला होता. बुचाला बुरशी धरली की वाईनला असा वास लागतो. कायम झालो तो मी एकटाच.

तात्या जाऊन आता दोन वर्षं होतील. कायम झालो तेव्हा मी पेढे घेऊन थेट त्यांच्याकडे गेलो होतो. सगळं सांगितलं. "साहेब म्हणाले, तोच वास बरोबर. तुमचं खरं निघालं तात्या."

त्यांनी हातातला पेढा खाल्ला नाही.

"साहेबानं म्हणलं तवा खरं झालं व्हय," ते म्हणाले. "मी म्हणलं तवा न्हाई." आणि पेढा परत पुड्यात ठेवला. "साहेबालाच दे."