मधलं पत्र

जुन्या पत्रांच्या संग्रहात परवा एका भावाने सासरी गेलेल्या बहिणीला लिहिलेली पत्रं वाचत बसले होते. सगळी त्याच्या अत्तराच्या दुकानाच्या छापील कागदावर. यंदा केवडा चांगला आला, असं काहीबाही लिहून प्रत्येक पत्र एकाच ओळीने संपायचं: ‘आईचे तुला अनेक आशीर्वाद.’ एका पत्रापासून मात्र ती ओळच नाहीशी झाली.

संग्रह सांभाळणाऱ्या बाईंना मी विचारलं, “मधलं एखादं पत्र हरवलंय का हो?”

“हरवलं नाही,” त्या म्हणाल्या. “कुणी गेल्याचं पत्र घरात ठेवत नसत. वाचलं की फाडून टाकायचे. इथल्या कुठल्याच गठ्ठ्यात तुम्हाला ते सापडायचं नाही.”

मी कपाटांकडे बघत राहिले. इतकी माणसं, आणि कागदावर कुणीच गेलेलं नाही.

आई गेल्याचं दादाचं कार्ड मीही उभ्या उभ्या फाडलं होतं. सासूबाईंनी फाडायला लावलं, म्हणून कितीतरी दिवस मनात राग होता. परवा घरी आले आणि माळ्यावरचा पत्रांचा डबा काढला. सगळ्यात वरच्या पत्रात आई अजून विचारते आहे, ‘या खेपेला चार दिवस राहायला येतेस ना?’