ट्रंकेच्या तळाचा पुठ्ठा

मी बायकोची ट्रंक तिला न विचारता उघडली आणि तळाशी असलेला पुठ्ठा काढून त्याचे ब्लेडने तुकडे केले. मुलीसाठी चित्र जुळवायचं कोडं करायचं होतं. त्या पुठ्ठ्यावर आमच्या पहिल्या मुलाचा फोटो होता. त्याचा तेवढा एकच फोटो होता आणि मुलगा दहा महिन्यांचा असतानाच वारला होता. पुठ्ठ्यावर काय आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे, पण पुरेसं नाही.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी महाडला कचेरीत कारकून होतो. बाजारपेठेच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आई गावी, पोलादपूरच्या पलीकडे, शेतीपाशी राहायची. मुलगा तापाने गेला तेव्हा ती आमच्याकडेच होती. तेराव्याच्या आत तिने त्याची झबली, खुळखुळा, दुपटी सगळं गाठोड्यात बांधलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

"ह्यो बी पान्यात सोडायचा. लेकराचा फोटू घरात ऱ्हायला तर त्याचा जीव हितंच घुटमळतो. मग पुढचं पोर टिकत नाय गो."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी मॅट्रिक झालेला, कचेरीत लोकांचे अर्ज वाचणारा माणूस. हे खरं नाही हे मला कळत होतं. पण पुढचं मूल टिकणार नाही हे शब्द कानात गेले आणि मी म्हणालो, "आई म्हणते तसं कर. सोडून ये."

ती सावित्री नदीवर गेली आणि ओल्या पायांनी परत आली. भिंतीवर फोटोच्या जागी फिकट चौकोन राहिला होता. मी त्यावर कॅलेंडर लावलं. त्या फोटोचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढे मुलगी झाली, टिकली, पाच वर्षांची झाली. त्या उन्हाळ्यात तिला गोवर आला. खोलीत अंधार, फोडणीचा वास नको म्हणून स्वयंपाक बिनफोडणीचा, उशाशी कडुलिंबाच्या डहाळ्या. ताप उतरत आला तशी ती अंथरुणात राहीना. कचेरीतल्या एकाने मुंबईहून पुतण्यासाठी लाकडाचं कोडं आणलं होतं, त्यात तुकडे जुळवून बस तयार व्हायची. तसं काहीतरी घरी करावं असं मनात आलं. किराणा दुकानाच्या जुन्या कॅलेंडरवर एक हत्ती होता. प्रश्न पुठ्ठ्याचा होता. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा खळ लागली की वळतो, हे मी करून पाहिलं होतं.

बायको कडुलिंब आणायला गेली होती. तिच्या लोखंडी ट्रंकेला तळाशी काहीतरी जाड, सपाट आहे, हे खोली बदलताना हाताला लागलेलं मला आठवत होतं. मी साड्या बाजूला केल्या. खाकी कागद चिकटवलेला, वहीपेक्षा थोडा मोठा पुठ्ठा होता तो. ट्रंकेचा तळ गंजतो म्हणून तिने घातला असेल असं वाटलं. साड्या जशा होत्या तशा ठेवल्या. म्हणजे ट्रंक उघडलेली तिला कळू नये, एवढी काळजी मी घेतली.

गव्हाच्या पिठाची खळ करून हत्ती खाकी कागदावर चिकटवला, पाट्याखाली दाबून वाळवला आणि पोळपाट घेऊन त्यावर कापायला बसलो. पुठ्ठा चिवट. ब्लेडं मोडली, बोट कापलं. कापलेल्या कडेत खाकी कागदाच्या खाली एक बारीक, चकचकीत पांढरी रेघ दिसत होती. भारीतला पुठ्ठा आहे, असं म्हणून मी खूश झालो.

बायकोने आधी पोळपाटावरच्या चिरा पाहिल्या.

"आता पोळीवर पण रेघा उमटतील," ती म्हणाली. "पुठ्ठा कुठला हो एवढा जाड?"

"कचेरीतला. फायलीचा."

"तरीच. तुमच्या कचेरीत पुठ्ठे तेवढे घट्ट. कामाचं विचारू नये."

मी हसलो. ते खोटं इतकं सहज निघालं की ते खोटं आहे हेही मनात आलं नाही.

पुढचे काही दिवस मायलेकी त्या हत्तीपाशी बसायच्या. मुलगी मुद्दाम चुकवायची.

"कान शेपटीजवळ लावलास की गं. ऐकू कसं येणार त्याला?"

"त्याला मागचं ऐकू येतं."

"मग बरं. तुझ्या बाबांना पुढचंही येत नाही."

तुकडे हाताळून हाताळून बायकोला ते पाठ झाले. न बघता उचलायची आणि जागेवर ठेवायची. ती काय हाताळते आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

गोवर उतरला. आमच्याकडे मग कडुलिंबाचा पाला घातलेल्या कढत पाण्याने आजाऱ्याला न्हाऊ घालतात, आणि त्याची अंथरुणं, कपडे, जे काही त्याच्याजवळ होतं ते सगळं त्याच पाण्यातून काढतात. बायको मागच्या दारी गोधड्या वाळत घालत होती. मुलगी न्हाऊन मोरीपाशी बसली होती. सगळ्यांना आंघोळ, मग हत्तीलाही हवी, म्हणून तिने तुकडे उरलेल्या पाण्याच्या बादलीत टाकले होते.

"बाबा, हत्तीच्या आत बाळ निघालं."

"मग हत्तीण असेल ती," मी म्हणालो, आणि टॉवेल घेऊन तिचे केस पुसायला वाकलो.

पाल्यात हत्तीचे कागद सुटून तरंगत होते, खाकी कागदाचे लगदेही. खाली तुकडे होते. एका तुकड्यावर वाळा घातलेलं पाऊल. एकावर काजळ घातलेला डोळा. एकावर गालावरची तीट आणि ओठांची कड.

माझ्या हातातला टॉवेल पडला. हे पाऊल कुणाचं हे मला लगेच कळलं, आणि ते कळल्यावरही ते इथे कसं, हे कळेना. जे नदीत गेलं होतं ते माझ्या मोरीतल्या बादलीत होतं, आणि त्याच्या डोळ्याच्या कडेने मी ब्लेड फिरवलं होतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. तो डोळा मला ओळखू आला नाही. पाऊल ओळखलं ते वाळ्यामुळे. मुलाचा चेहरा मी विसरलो होतो.

आणि मग मनात पहिला विचार आला तो बादली उपडी करण्याचा. मी कडीला हात घातलाही होता. एवढ्यात बायको आत आली.

तिने बादलीत पाहिलं. मला बाजूला हो असंही म्हणाली नाही, माझा हात कडीवरून काढला, खाली बसली आणि एक एक तुकडा काढून पदरावर ठेवू लागली. तिला शोधावं लागलं नाही. तिच्या बोटांना आकार माहीत होते. कान होता तिथे कपाळ, सोंड होती तिथे हनुवटी. बघता बघता तिच्या मांडीवर तो पुरा झाला, खुर्चीत बसलेला, अंगभर चिरा असलेला.

"फायलीचा पुठ्ठा," ती म्हणाली.

"तू तर सोडून आली होतीस."

"नारळ सोडला. हा पदराखाली होता." ती माझ्याकडे बघत नव्हती. "वरून कागद लावला. खळ अगदी पातळ केली, पाण्याने सुटावी म्हणून. कधीतरी भिजवून काढणार होते. आई थकल्या की. नाहीतर तुमचं मन वळलं की."

"मला माहीत नव्हतं गं. चुकलं माझं."

"कापलंत तेव्हा नव्हतं माहीत," ती म्हणाली. "नदीवर पाठवलंत तेव्हा होतं की."

मुलगी विचारत होती, बाळ कुणाचं, बाळ कुणाचं. तिच्या आईने तिला जवळ ओढलं आणि सांगितलं, "तुझा दादा." दादा होता हे मुलीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हेही आम्ही लपवलं होतं.

फोटोचा कागद वाळून थोडा वाकला. मी चिकटवून देतो म्हणालो, तर तिने "नको" एवढंच म्हटलं. तिनेच नवा पुठ्ठा आणला, तिनेच चिकटवला आणि कोनाड्यात उभा केला. त्या दिवसांत ती मला जेवायला वाढायची, कामापुरतं बोलायची. मी कचेरीतून येऊन कोनाड्यासमोर बसायचो आणि तो चेहरा पाठ करायचो. चिरा वगळून बघता येत नसे.

नात बरी झाली म्हणून आई पोलादपूरहून एस.टी.ने आली. दारात तिचा आवाज ऐकला आणि बायको धावत कोनाड्याकडे गेली. तिने फोटो टॉवेलात गुंडाळायला घेतला. तिचे हात इतके घाईत होते, एखाद्या चोरासारखे, की मला तिथेच दिसलं, गेली सहा वर्षं ही बाई माझ्या घरात कशी राहिली ते.

"राहू दे तिथेच," मी म्हणालो.

आईने पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली, नातीच्या गालावरून हात फिरवला. मग तिची नजर कोनाड्याकडे गेली.

"ह्यो तर पान्यात ग्येला व्हता," ती म्हणाली. "आनि ह्याला झालं काय? कुनी कापला?"

"माझं चुकलं, आई," बायको म्हणाली. "मी सोडला नव्हता."

आई तिच्याकडे वळली. मी मध्ये उभा राहिलो. आईसमोर बायकोशी असं बोलण्याची आमच्यात रीत नव्हती.

"तिचं काही चुकलं नाही, आई. कापला मी. सोड म्हणालो तोही मीच, आणि जीव घुटमळतो वगैरे खोटं आहे हे मला तेव्हाही कळत होतं." मग मी बायकोकडे पाहिलं. "मूल तुझं होतं आणि मी तुला एका शब्दाने विचारलं नाही. ट्रंक उघडतानाही विचारलं नाही, वर खोटं बोललो. मला माफ कर."