पोथीत ठेवलेली गोष्ट

आमच्या घरात काही लपवायचं म्हटलं तर एकच जागा होती, पोथी. कपाट नवरा उचकायचा, गादीखालचं सासूबाईंच्या हाताला लागायचं. पोथी मात्र लाल फडक्यात गुंडाळून देवघराच्या फळीवर असायची आणि तिला आंघोळीशिवाय हात लावायचा नाही असा नेम होता, म्हणजे माझ्याशिवाय तिला कुणी हात लावायचंच नाही. मी लिहिलेली गोष्ट मी त्या पोथीच्या सुट्या पानांत ठेवली. शुद्ध मूर्खपणा केला. पण तेव्हा लई हुशारी वाटली होती.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. सिडकोतला दोन खोल्यांचा फ्लॅट. नवरा सकाळी कंपनीच्या बसनं गेला की दिवसभर त्या आणि मी. पलंगाच्या दांड्यावर स्टीलचा पेला वाजवून त्या मला बोलवायच्या. एकदा पाण्यासाठी, एकदा पंख्यासाठी, एकदा नुसतं "आहेस ना गं?" म्हणून. त्यांचा तरी काय दोष! त्यांना पलंगानं अडकवलं होतं आणि मला त्यांनी, असं मी रोज मनात म्हणायचे आणि मग रोज मलाच लाज वाटायची. गुलमंडीच्या बाजारात जाऊन येते म्हटलं तर "काय अडलंय तुझं तिथं?" वहीत लिहीत बसले तर "कुणाला गं पत्र?" माझं मलाच वाटायला लागलं होतं, की मी आता या दोन खोल्यांतच म्हातारी होणार.

सुटका वर्षातून चार महिने. चातुर्मासात दुपारी तीन ते पाच कॉलनीतल्या देवळात पोथी लागायची आणि वाचणारी मी. पोथीही आमचीच, सासूबाईंच्या माहेरची. देवाचं काम, म्हणून त्या अडवायच्या नाहीत. शेजारच्या वहिनींना त्यांच्यापाशी बसवायचं आणि दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पळायचं. ओवी वाचायची, मग तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा. बायका वाती वळत "हं, हं" करायच्या. एकदा अध्याय सुरू झाला की मध्ये थांबायचं नाही, उठायचं नाही. त्या बैठकीवर मी कुणाची सून नसायचे.

चक्रव्यूहाची कथा दरवर्षी यायची. भाऊ आपल्या गरोदर बहिणीला व्यूह कसा फोडायचा ते सांगतो. तिचा डोळा लागतो, पोटातलं बाळच हुंकार देत राहतं. भावाच्या ते ध्यानात येतं आणि तो सांगणं थांबवतो. बाळ आत शिरायचं शिकतं, बाहेर पडायचं नाही. पुढं कोवळ्या वयात ते पोर व्यूहात अडकून मारलं जातं. इथं आमच्या बायका हमखास म्हणायच्या, "झोपली मेली नेमकी!" माझं डोकं सणकायचं. भरल्या दिवसांची बाई ती, लढाईच्या गप्पा ऐकताना तिला डुलकी लागली तर एवढं काय आभाळ कोसळलं?

मग एका दुपारी भांडी घासताना मनात आलं, ती झोपली हे सांगितलं कुणी? भावानं. खोलीत तिसरं कोण होतं? झालं, हात तसेच धुतले आणि लिहायला बसले. माझ्या गोष्टीत ती टक्क जागी होती. "पुढं?" म्हणाली होती. भावालाच पुढचं सगळं दिसलं आणि तो मुद्दाम गप्प बसला. बाहेर येऊन म्हणाला, तिचा डोळा लागला. तिनं ते खोडून काढलं नाही, कारण खोडलं असतं तर घराला असलेला त्या भावाचा आधारच गेला असता. चौदा पानं झाली. फोनवर त्यांचे फोटो काढून एका दिवाळी अंकाला पाठवले आणि कागद पोथीत, त्याच कथेपाशी ठेवून दिले.

श्रावण संपत आला होता. आभाळ भरलेलं, मंडपात अंधारून आलेलं. चक्रव्यूहाचा अध्याय सुरू होता. पान उलटलं तर पुढचं पान माझं! कागद काढून ठेवायचे राहूनच गेले होते. आमच्या पोथीची काही पानं गहाळच होती, तिथं मी तोंडी सांगून वेळ मारून नेत असे. तसं करता आलं असतं. मी वाचलं. चुकून वाचलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं, पण चूक पहिल्या ओळीपुरती होती. पुढची चौदा पानं मी डोळे उघडे ठेवून वाचली. माझं लिहिलेलं माणसं ऐकत होती हो, पहिल्यांदा! बायकांना वाटलं, ओव्यांचा अर्थच चालू आहे. हळूहळू "हं, हं" बंद झालं. वाती तशाच राहिल्या.

सगळ्या पाया पडून गेल्या. एक काकू मात्र हलेनात. बिडकीनकडच्या खेड्यातल्या, जमीन विकल्यावर नवऱ्यासोबत शहरात राहायला आलेल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. "बाई, म्हंजी ती झोपली नव्हती व्हय?"

"नव्हती, काकू."

"मी बी नव्हते झोपले."

चाळीस वर्षांमागची गोष्ट. लेकरू झाडाखाली झोळीत होतं. सासूनं त्यांना वैरण आणायला पिटाळलं, "मी बघते" म्हणाली आणि बघितलं नाही. लेकरू झोळीतून उतरून रांगत गेलं आणि हौदात पडून बुडालं. सासूनं गावाला सांगितलं, हिचा डोळा लागला. नवऱ्यानंही तेच धरलं, जन्मभर. काकू कधी बोलल्या नाहीत.

तीन दिवसांनी काकू आल्या त्या हसत. "मालकाला सांगितलं सगळं. म्हनलं, पोथीत बी असंच हाय. म्हातारा लई रडला. म्हनला, पोथीत हाय म्हंजी तुझं बी खरंच असंल." बायकोचा एकटीचा शब्द त्याला पुरला नसता, उणं होतं ते माझ्या पानांनी पुरवलं.

दिवाळीच्या तोंडावर अंक आला. माझं नाव छापलेलं. मी ते बाथरूममध्ये दार लावून पाहिलं आणि रडले. दुसऱ्या दिवशी देवळात, रोज पोथीला येणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई तो अंक घेऊनच आल्या. सगळ्यांदेखत पान उघडून म्हणाल्या, "अहो, हे तर आपल्या पोथीतलं! तुम्ही खुशाल स्वतःच्या नावावर छापलंत?"

काकू खांबाला टेकून बसल्या होत्या आणि आज त्यांचे मालकही आले होते, काठी घेऊन, पहिल्यांदाच. दोघं माझ्याकडे बघत होते. गोष्ट माझी आहे म्हणावं तर म्हातारा उठून काकूंना म्हणणार, म्हणजे हिनं रचलेलं होतं होय, मग तुझंही रचलेलंच. पोथीतली आहे म्हणावं तर मी चोर. जन्मात एकच गोष्ट छापून आली होती माझी. "सांगा की," बाई म्हणाल्या, "पोथीतलं का मनचं?"

"पोथीतलंच," मी म्हणाले. "मी उतरवून काढलं."

कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी बैठकीवर त्या बँकेतल्या बाई होत्या, स्वतःचं छापील पुस्तक घेऊन. नवरा म्हणाला, "तुला कुणी सांगितले होते नसते उद्योग?" सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांच्या माहेरची पोथी, तिच्या नावानं चोरी. अंकाच्या संपादकांनी आणखी गोष्ट मागितली, त्यांना मी उत्तरच दिलं नाही. पुढच्या चातुर्मासातही मला कुणी बोलावलं नाही. दुपारी तीन वाजता मी घरातच असते.

काकू आणि त्यांचे मालक, दोघंही आता नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. त्या आठवड्यात काकू सासूबाईंना बघायला म्हणून आमच्याकडे आल्या होत्या. जिना चढून दमल्या होत्या. मी चहा दिला, तर मला शेजारी बसवून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बाई, वाचता लई चांगलं. पन देवाचं लिहिलेलं आपलं म्हनू नाय."

"चुकलं, काकू."

"असू द्या. माफ करंल तो. चाळीस वर्सांनी का व्हईना, माझ्या बाजूनं तोच बोलला की."